शेंड्याने वाढणारा रोबोट

आमच्या गॅलरीतला कारल्याचा वेल गेल्या पावसाळ्यात ग्रिलच्या गजांना तणावे गुंडाळत छतापर्यंत पोहोचला. रोज पाहता पाहता लक्षात आले, की त्याची जुनी पेरे होती तिथेच राहतात. पुढे जातो तो फक्त शेंडा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलियट हॉक्स, ॲलिसन ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला मऊ रोबोट याच तत्त्वावर चालतो.

त्याला यंत्रमानव म्हणणे मला पटत नाही, कारण त्यात माणसासारखे काहीच नाही. ती पॉलिथिनची एक पातळ, लांबलचक नळी असून आतल्या आत उलटी दुमडून ठेवलेली असते. कुर्त्याची उलटी बाही सुलटी करताना आतले कापड जसे टोकाशी बाहेर येते, तसे पंपाने हवा भरताच आतले प्लास्टिक टोकाशी उलगडते आणि नळी लांबत जाते. प्रयोगात ती २८ सेंटिमीटरपासून ७२ मीटरपर्यंत वाढली. उलगडलेला भाग जमिनीवर तसूभरही घसटत नसल्यामुळे ती चिकट कागदावरून सहज गेली, आणि खिळ्यांवरूनही गेली. खिळ्यांनी भोके पाडली खरी. पण नळीचा तो भाग पुढे ओढला जात नसल्याने ती फाटली नाहीत, आणि ज्या खिळ्याने भोक पाडले तोच त्यात बुचासारखा बसून राहिला. या संपूर्ण संशोधनातला हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मऊपणा म्हणजे दुबळेपणा हा आपला समज तो मुळापासून खोडून काढतो.

वळण्याची युक्तीही वनस्पतीचीच. सावलीकडच्या पेशी जास्त लांबल्या की रोपाचा शेंडा उजेडाकडे झुकतो. येथे नळीच्या एका कडेचे कप्पे फुगवून ती बाजू लांब केली जाते आणि टोक विरुद्ध दिशेला वळते.

अडचण येते ती परत फिरताना. लांब नळी मागे खेचली की ती वेडीवाकडी दुमडते, म्हणून पुढे टोकाजवळ बसणारे वेगळे उपकरण तयार करावे लागले. वेलीला मागे फिरावेच लागत नाही, त्यामुळे या बाबतीत निसर्गाकडून उसने घेण्यासारखे काही नव्हते. पेरूमधील चावीन दे हुआंतार या प्राचीन मंदिरस्थळी मात्र हा रोबोट, माणूस शिरू शकणार नाही अशा अरुंद भुयारी वाटांत, टोकाशी कॅमेरा घेऊन वाढत गेला आणि आतले दृश्य बाहेरच्या पुरातत्त्वज्ञांना दाखवू शकला.