सातवं कलम

करारावर सही करायला त्या सकाळी अकराला आल्या. परीक्षकांनी त्यांच्या छायाचित्रांची एकमतानं निवड केली होती. आता सही झाली की पहिला हप्ता सोडायचा, एवढंच काम माझ्या डोक्यात होतं. मी एका खासगी विश्वस्त संस्थेत अनुदानांचं काम पाहते. एका कुटुंबानं दिलेल्या ठेवीच्या व्याजातून आम्ही दरवर्षी पाच-सहा एलजीबीटी कलाकारांना वर्षभर निवांत काम करता येईल एवढी रक्कम देतो. निधीच्या नावातच ‘एलजीबीटी’ हा शब्द आहे.

त्यांची छायाचित्रं एका घराची होती. माणूस एकाही चौकटीत नाही. उशाजवळ ठेवलेले दोन चष्मे, एकाच पुस्तकात दोन ठिकाणी घातलेल्या खुणा, दारामागच्या एका खुंटीवर दोन मापांचे रेनकोट. एक परीक्षक त्या रेनकोटांसमोर बराच वेळ गप्प उभे राहिले होते. बारा वर्षांचा संसार इतक्या थोडक्यात दाखवणारं काम माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

त्यांनी करार शब्द न् शब्द वाचला. मग तिसऱ्या पानावर परत आल्या आणि म्हणाल्या, “हे सातवं कलम काढता येईल का?”

सातवं कलम असं : अनुदान मिळालेल्या कलाकाराचं नाव, छायाचित्र आणि अल्पपरिचय संस्थेच्या वार्षिक अहवालात व प्रसिद्धीसाठी वापरला जाईल.

“ते ठरलेलं कलम आहे. सगळेच सही करतात,” मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग राहू द्या. पैशांची फार गरज आहे, पण हे नाही जमणार. घरच्यांच्या लेखी आम्ही भाडं वाटून घेणाऱ्या मैत्रिणी आहोत. तुमच्या यादीत नाव आलं की मग सांगायचं काय उरलं? आणि छापाल माझं एकटीचं, पण कळेल दोघींचं. ती शाळेत शिकवते. तिची परवानगी घ्यायला या करारात जागाच नाहीये.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पैसे जमा झाले की पासबुकात काय छापून येतं हो? माझं खातं भावाबरोबर जोडखातं आहे.”

पासबुकात निधीचं पूर्ण नाव छापून येतं. इतक्या वर्षांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

त्या गेल्यावर मी जुनी नोंदवही काढली. सात वर्षांत तीन जणांनी निवड झाल्यानंतर अनुदान सोडलं होतं. तिघांच्याही नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता : ‘करार पाठवला. प्रतिसाद नाही. संपर्क तुटला.’ तिघांनाही करार पोहोचला होता. तिघंही तिसऱ्या पानापर्यंत आले असणार. ते कलम मी आमच्याच दुसऱ्या एका शिष्यवृत्तीच्या करारावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. तिथं नाव छापून येणं हा निव्वळ मान होता.

दुपारी तीनला विश्वस्तांची बैठक होती. विषयपत्रिकेत नसताना मी हा विषय काढला. अध्यक्ष मॅडमना ते आवडलं नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, “न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लेस्ली आणि फ्रिट्झ लोहमन यांनी 1969 मध्ये स्वतःच्या राहत्या जागेत समलिंगी कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. 1987 मध्ये त्यांनी प्रतिष्ठान काढलं, तेव्हा नावातल्या ‘गे’ शब्दावर कर खात्यानं हरकत घेतली. करसवलतीची मान्यता मिळायला 1990 उजाडलं. पण त्यांनी शब्द सोडला नाही. आज तिथं संग्रहालय उभं आहे. आणि आपण नावं झाकायची? लाज वाटण्यासारखं काही नाही, हे लोकांना दिसावं म्हणून तर आपण पैसे देतो.”

मी म्हटलं, “मॅडम, तो शब्द त्यांनी स्वतःच्या दारावर लावला. आपण तो दुसऱ्याच्या दारावर लावतोय.” 

मग मी त्यांना दुसरं उदाहरण सांगितलं. 1990 मध्ये अमेरिकेच्या सरकारी कला निधीनं चार रंगमंचीय कलाकारांची मंजुरीपर्यंत आलेली अनुदानं नाकारली. त्यातले तिघं समलिंगी होते. त्या वादानंतर राजकीय दबाव वाढत गेला आणि दशकाच्या मध्यापर्यंत एकेकट्या चित्रकार-शिल्पकारांना मिळणारं सरकारी अनुदानच बंद झालं. ती पोकळी पाहून 1996 मध्ये कुणीतरी चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-कलाकारांना प्रत्येकी 25,000 डॉलर द्यायला सुरुवात केली. देणारी कोण, हे 2018 पर्यंत जाहीर झालं नाही. त्या सुझन उंटरबर्ग, स्वतः छायाचित्रकार. दात्री म्हणून नाव झालं तर आपल्या कामाकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतील, अशी त्यांना धास्ती होती.

“बावीस वर्षं देणाऱ्या बाईंनी नाव सांगितलं नाही आणि कुणी त्यांना भित्र्या म्हटलं नाही,” मी म्हणाले. “घेणाऱ्याला तेवढी मुभा आपण का देत नाही?”

मॅडम काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आमच्या लेखापरीक्षकांना फोन लावायला सांगितला. मला अडचण तिथंच येईल असं वाटत होतं, पण ते म्हणाले, “मला नाव, कागदपत्रं आणि बँकेची नोंद हवी. ती मला दाखवा. छापायला मी कधी सांगितलं?”

इतकं सोपं होतं ते.

कलम तिथंच बदललं. आता कलाकारानं स्वतः लेखी कळवलं तरच नाव छापायचं, नाहीतर अहवालात कलाप्रकार आणि वर्ष एवढंच. कामात दुसऱ्या कुणाचं आयुष्य दिसत असेल तर त्या व्यक्तीचीही संमती. रक्कम निधीच्या खात्यातून न जाता संस्थेच्या सर्वसाधारण खात्यातून जाईल. पत्राच्या पाकिटावर बोधचिन्ह नाही. पाकिटाचं मॅडमनीच सुचवलं. खरी नावं कुलूपबंद वहीत राहतील, ती लेखापरीक्षक वर्षातून एकदा पाहतील. मला स्वतःला अजूनही वाटतं की नाव उघड करणाऱ्या कलाकारांनीच पुढच्यांची वाट सोपी केली. पण ते धाडस अनुदानाची अट म्हणून कुणाकडून वसूल करता येत नाही.

संध्याकाळी सहाला त्या परत आल्या, एकट्या नाही. सोबत आलेल्या बाईंनी तिसरं पान आधी स्वतः वाचलं आणि मान हलवली. मग सही झाली. जाताना छायाचित्रकार बाई मला म्हणाल्या, “ताई, तो रेनकोटांचा फोटो हिनंच निवडलाय.”

कार्यालय रिकामं झाल्यावर मी नोंदवही पुन्हा उघडली आणि त्या तिघांपैकी पहिल्याचा नंबर लावला. बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. आवाज वयस्क होता, त्याचा नव्हता. “कोण बोलतंय?”

संस्थेचं नाव ओठांपर्यंत आलं होतं.

“माफ करा, चुकून लागला,” असं म्हणून मी फोन ठेवला.