फळ्यावर दोनच चिठ्ठ्या

हुश्श. आत्ता घरी टेकलो, पाय बोलतायत.

आज पुण्यात आमचा बारकॅम्प झाला, म्हणजे कुणीही येऊन बोलावं असं टेक मंडळींचं खुलं संमेलन. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत पालो आल्टोला काही मंडळींनी आठवड्याभराच्या आत जमवून पहिला केला होता. निमंत्रितांपुरत्या असलेल्या 'फू कॅम्प' नावाच्या संमेलनाला उत्तर म्हणून, दार सगळ्यांना उघडं. वक्ते आधी ठरवायचेच नाहीत. सकाळी फळा कोरा, ज्याला बोलायचंय त्याने चिठ्ठी चिकटवायची.

ऐकायला भारी वाटतं. साडेनऊला फळ्यावर दोनच चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक माझी. पोटात गोळा. त्यात प्रोजेक्टरची केबल सापडेना. (माझ्याच सॅकमध्ये निघाली. असो.)

मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. "दादा, मराठीत बोललं तर चालेल ना?" अगं, पळेल! आपल्या गावातल्या विहिरी आणि पाणंद रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला खुला ऑनलाइन नकाशा) कसे टाकले, ते तिने दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तिला मध्येच थांबवलं, "ओढा उन्हाळ्यात आटतो, ते नकाशाला कसं कळणार?" तिने तिथल्या तिथे ओढ्याला 'इंटरमिटंट' (म्हणजे बारमाही न वाहणारा) असा टॅग लावला आणि रेघ तुटक झाली. आजोबा उठून पार पडद्याजवळ जाऊन बघत बसले.

दुपारी चिठ्ठ्यांना जागा पुरेना. माझं सेशन शेवटी मीच काढून टाकलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सतरा वडापाव उरलेत. कोथरूडच्या आसपास कुणी असेल तर घेऊन जा रे. चटणी संपलीये.