नैरोबीतली दुपार आणि न सुटणारी माटाटू

मसाई मारा, नाइवाशा, जिराफ सगळं बघून झालं, आणि ते फोटो कुठेही सापडतील. डोकं फिरवलं ते केनियाच्या राजधानीतल्या, नैरोबीतल्या रेल्वेज स्टेजने, म्हणजे रेल्वे स्टेशनजवळच्या गाडीतळाने.

दुपारी शहराबाहेरच्या रोंगाईला जाणारी 125 नंबरची माटाटू, म्हणजे तिथली खाजगी प्रवासी गाडी, उभी असते. कंडक्टर ओरडत असतो, "दोनच सीट!" आत डोकावलं तर गाडी जवळजवळ भरलेली. आपण आत शिरून बूड टेकतो न टेकतो तोच तिघे-चौघे उठून मागच्या गाडीत जाऊन बसतात. गाडी भरलेली दिसावी म्हणून बसवून ठेवलेली माणसं ती. हातात पिशवी नाही, जागा दाराजवळची आणि कंडक्टरशी निवांत गप्पा चालल्या असतील, तर ओळखून घ्यावं. पुढचा अर्धा तास उकाडा आणि ढणाढणा गाणी.

आपल्याकडच्या वडापसारखाच हा कारभार, भरल्याशिवाय हलायचं नाही. त्यामागचा हिशेब मात्र सरळ आहे. मालकाला दिवसाला ठरलेली रक्कम द्यायची, डिझेल आणि स्टेजचे पैसे भागवायचे, उरेल ते ड्रायव्हर-कंडक्टरचं. अर्धी रिकामी गाडी काढली तर तोटा त्यांच्याच खिशाला. गिऱ्हाईक कमी आहे असं मुळीच नाही, पण ते सगळं एकाच वेळी येतं. सकाळी शहराकडे रीघ, संध्याकाळी बाहेर. उलट फेरी जवळपास रिकामी. त्या रिकाम्या फेरीचा खर्च भरल्या फेरीतून काढतात, म्हणून संध्याकाळी भाडं चढतं आणि पाऊस पडला की कधी दुप्पटही होतं. थोडक्यात, दुपारी आपला वेळ जातो आणि संध्याकाळी पैसे. मला तर पैसे गेलेले परवडले.

1934पासून इथे केनिया बस सर्व्हिसच्या मोठ्या बस धावत. 1973मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी माटाटूंना मोकळीक दिली आणि शहर त्यांच्या हाती गेलं. 2004मध्ये मंत्री जॉन मिचुकींच्या नियमांनी सीटबेल्ट आणले, ताशी 80 कि.मी.चा वेगनियंत्रक बसवला, छोट्या व्हॅनमध्ये 14च प्रवासी ठरवले. कोंबाकोंबीला चाप बसला हे चांगलंच. पण मग गर्दीची कमाई काढायला भाड्याखेरीज वाटच उरली नाही.

जाणारच असाल तर दुपारी 33 सीटची गाडी टाळा, 14 सीटची लवकर भरते. त्याहून बरं म्हणजे स्टेज सोडून थोडं पुढे, रस्त्यातल्या थांब्यावर हात करा. तिथे गाडी ताटकळत नाही, फक्त जागेची खात्री नाही. भाडं गाडीत चढण्याआधी विचारा, बसल्यावर घासाघीस चालत नाही. 50 आणि 100 शिलिंगच्या नोटा ठेवा, किंवा एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय. तिकीट बहुधा मिळत नाही, आणि सुटे राहिले तर उतरेपर्यंत मागत राहावं लागतं. खिडकीशी बसलात तर फोन खिशात. ट्रॅफिकमध्ये बाहेरून हिसकावतात.

एक प्रकार मात्र मला अजून पटत नाही. कोंडी पाहून ड्रायव्हर मध्येच गाडी वळवतो आणि सगळ्यांना दुसऱ्या माटाटूत ढकलतो. अशा वेळी आपल्या कंडक्टरला सोडायचं नाही, नव्या गाडीच्या कंडक्टरला त्याने आपल्यादेखत पैसे दिले पाहिजेत. नाहीतर भाडं दोनदा.