फाल्कन-५१२ छोट्या बोर्डावर: शेवटच्या बिटाचा हिशेब

कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरच्या बोर्डावर फाल्कन-५१२ ही डिजिटल सही बसवण्याचे काम सध्या चालू आहे. २०२२ साली निस्टने (अमेरिकेच्या मानक-संस्थेने) निवडलेल्या तीन क्वांटम-सुरक्षित, म्हणजे क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या मानल्या जाणाऱ्या सह्यांपैकी ही एक. तिची सही ६६६ बाइटांत मावते, तर त्या तिघींतल्याच डिलिथियमच्या सर्वांत लहान सहीलाही २,४२० बाइट लागतात. मोह पडतो तो त्यामुळेच. सही पडताळताना सर्व गणित निव्वळ पूर्णांकांत होते, परंतु सही करताना ५३ बिटांच्या अचूकतेचे डबल फ्लोटिंग-पॉइंट आकडे (ठरावीक बिटांत गोळाबेरीज करून साठवलेले अपूर्णांक) लागतात, आणि खाजगी की, म्हणजे सही करणाऱ्याची गुपित किल्ली, नेमकी त्याच गणितात असते.

डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) या संख्येत १ मिळवला, मग पुन्हा १ मिळवला, तरी उत्तर जागचे हलत नाही. एकदम २ मिळवले की हलते. म्हणजे बेरजेचा क्रम बदलला, किंवा कंपायलरने गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत उरकली, तर शेवटचा बिट बदलू शकतो. फाल्कनचा सॅम्पलर, म्हणजे यादृच्छिक निवड करणारा भाग, एका अपूर्णांक केंद्राभोवती यादृच्छिक पूर्णांक निवडताना त्या केंद्राचा पूर्णांक भाग घेतो; केंद्र एका यंत्रावर पाचाच्या किंचित खाली आणि दुसऱ्यावर बरोबर पाच निघाले, तर बीज (यादृच्छिक आकडे ज्यातून निघतात ती सुरुवातीची संख्या) तेच असूनही एकाच हॅशच्या (संदेशाच्या गणिती ठशाच्या) दोन निराळ्या सह्या तयार होतात. पडताळणीत दोन्ही उत्तीर्ण होतात, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांना याचा पत्ताही लागत नाही. मात्र दोन्ही सह्या हाती आलेल्याला त्यांच्या फरकातून लॅटिसमधला (ज्या बिंदूंच्या जाळीवर ही सही उभी आहे तिच्यातला) लहान सदिश मिळतो, जो एरवी शोधणे अवघड असते, आणि प्रसंगी खाजगी कीसुद्धा. दर सहीला ४० बाइटांचे नवे सॉल्ट (हॅश काढण्यापूर्वी संदेशाला जोडलेले यादृच्छिक बाइट) घेतले जाते तोवर हॅश पुन्हा येत नाही. सॉल्ट ठरावीक ठेवणाऱ्यांनी मात्र हे गृहीत धरू नये.

दुसरा धोका वेळेचा. एम४ चे फ्लोटिंग-पॉइंट एकक फक्त ३२ बिटांचे असल्याने डबलची गणिते कंपायलरच्या लायब्ररीकडे जातात, आणि तिथे लागणारा वेळ आकड्यांनुसार बदलू शकतो; तो वेळ मोजणाऱ्याला त्यावरून गुपित आकड्यांचा अंदाज येऊ शकतो. म्हणून मूळ संदर्भ-कोडमधील, पूर्णांकांवर चालणारे स्थिर-वेळेचे (आकडे कोणतेही असोत, तेवढाच वेळ घेणारे) डबल वापरले आहे. ते संथ आहे, पण माझ्या मते या बोर्डावर दुसरा शहाणा पर्याय नाही.

फ्लोटिंग-पॉइंट मुळातच वर्ज्य आहे, असे नव्हे. गूढलेखन-तज्ज्ञ बर्नस्टाइन यांनी पॉली१३०५ या संदेशाची अस्सलता तपासणाऱ्या पद्धतीसाठी ते मुद्दाम वापरले होते. तिथे संख्येचे तुकडे इतके लहान ठेवले होते की अंतरिम उत्तरे अचूकच राहत. फाल्कनला ही सोय नाही, कारण तिथले आकडे खरोखरच अपूर्णांक असतात.

आता तेच बीज देऊन लॅपटॉप आणि बोर्ड यांवरील सह्याच नव्हे, तर सॅम्पलरला मिळणारी केंद्रेही बिटागणिक ताडून पाहत आहे. त्यानंतर सायकल-काउंटर (प्रोसेसरचे ठोके मोजणारा गणक) लावून वेळेची तपासणी करायची आहे.