लॅक्टोजची ब्रेथ टेस्ट : माझा अनुभव

दूध प्यायलं की तासा-दीड तासात पोटाचा नगारा व्हायचा. घरात ज्याचं त्याचं निदान वेगळं. आईच्या मते वात, भावाच्या मते भेसळ. पोटविकारतज्ज्ञांनी मात्र लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचते का हे बघायला सरळ हायड्रोजन ब्रेथ टेस्ट लिहून दिली. सुई नाही, दुर्बीण नाही, नुसतं नळीत फुंकायचं.

खरा त्रास तयारीचा. अँटिबायोटिक संपून चार आठवडे उलटलेले लागतात, नाहीतर आतड्यातल्या जिवाणूंचाच तोल बिघडलेला असतो. आदल्या दिवशी दूध, डाळी, कडधान्यं, कांदा, फळं बंद. मी भात आणि उकडलेल्या अंड्यांवर भागवलं. मग रात्रभर कडकडीत उपाशी. आपल्यासारखा साबुदाण्याचा उपास इथे चालत नाही.

सकाळी पहिल्या श्वासात हायड्रोजन भरला 4 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 4. मग 25 ग्रॅम लॅक्टोज पाण्यात ढवळून प्यायला दिलं. जवळजवळ अर्धा लिटर दुधात असतं तेवढं. चव मिळमिळीत गोड. त्यानंतर दर अर्ध्या तासाने फुंकायचं, तीन तास. मध्ये झोप नाही, फेऱ्या मारणं नाही.

"श्वासातून पोटातलं कसं कळतं हो?" मी तिथल्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं.

"काका, आपल्या पेशी हायड्रोजन बनवतच नाहीत. श्वासात आला म्हणजे तो जिवाणूंचा."

लहान आतड्याच्या अस्तरावर सूक्ष्म लव असते आणि तिच्यातच साखरेच्या जोड्या फोडणारी एन्झाइम रोवलेली असतात. माल्टेज भात-पोळीच्या स्टार्चपासून झालेला माल्टोज फोडतं, सुक्रेज आपल्या साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, लॅक्टेज लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. जोडी फुटल्याशिवाय साखर रक्तात शिरत नाही. लॅक्टेज तान्हेपणी भरपूर, पुढे बऱ्याच जणांचं ओसरतं. मग न फुटलेलं लॅक्टोज पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातला थोडा हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसात येतो.

पहिला तासभर माझा आकडा जागचा हलला नाही. दीड तासाला 38, दोन तासांना 61, आणि पोटात गुरगुर. सुरुवातीपेक्षा 20 ने वाढला तरी टेस्ट पॉझिटिव्ह धरतात.

"दूध सोडा" हा सरसकट सल्ला मला तरी पटत नाही. पेलाभर दुधात 12 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, तेवढं जेवणाबरोबर बऱ्याच जणांना सोसतं. चहातलं दूध तर किरकोळच. दह्यातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, शिवाय त्यांचं लॅक्टेज आपल्या आतड्यातही कामी येतं. श्रीखंडाचा चक्का टांगला की पाण्याबरोबर आणखी बरंच निथळून जातं. पेढ्याचं उलटं, दूध आटवून खवा केला तरी लॅक्टोज त्यातच राहतं. गंमत म्हणजे पेढ्यात वरून घातलेली साखर मला बिनतक्रार पचते!

कोजागरीच्या मसाला दुधासाठी लॅक्टेजची गोळी ठेवली आहे. ती पहिल्या घोटाबरोबरच घ्यायची. पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नाही.