ओजेटीचे गुण कोणी द्यायचे? चार महिने अडलेल्या एका नस्तीचा अनुभव

संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण, बसवण्याचे काम विभागाने माझ्याकडे सोपवले, तेव्हा कारखान्यांचे मन वळवणेच सर्वांत अवघड जाईल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दोन कारखाने पहिल्याच भेटीत तयार झाले, अभ्यास मंडळाने आराखडा एका बैठकीत संमत केला आणि विद्यार्थ्यांनी तर आधीच नावे देऊन ठेवली होती. नस्ती, म्हणजे या प्रस्तावाची फाइल, अडली ती आमच्याच स्वायत्त महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात, आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तिथून हलली नाही.

हे प्रशिक्षण चार श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे), एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने १२० तासांचे. त्यात काय शिकवायचे हे ठरवण्यासाठी मी आधी कारखान्यांना प्रश्नावली पाठवली होती. ती वेळ वायाच गेली असे मी म्हणेन, कारण सर्वांनी ‘संवादकौशल्य’ आणि ‘शिकण्याची तयारी’ याच चौकटींत खुणा करून ती परत पाठवली. खरी गरज कळली ती गुणवत्ता विभागाच्या पर्यवेक्षकांसोबत एक दिवस काढल्यावर. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण-आलेख, म्हणजे उत्पादनातली तफावत मर्यादेत आहे का हे दाखवणारा आलेख, आमचे विद्यार्थी चोख काढतात, पण परीक्षेत त्यांना आकडे छापून दिलेले असतात. पर्यवेक्षकांनी माझ्यासमोर दहा सुटे भाग आणि एक मायक्रोमीटर ठेवला. तीन कामगारांनी प्रत्येक भाग तीनदा मोजला, अशा ९० नोंदी झाल्या, आणि तोच भाग तिघांच्या हातात वेगवेगळा भरत होता. केवळ मोजण्यामुळे येणारी तफावत एकूण तफावतीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तर ती मोजपद्धतच वापरण्याजोगी धरत नाहीत. मग त्या आकड्यांवर काढलेला आलेख कितीही सुबक असला तरी त्याचा उपयोग नसतो. “मॅडम, नोंदी आता मशीनच करते,” ते म्हणाले, “मला त्या नोंदींवर शंका घेणारं पोरगं द्या.”

विद्यार्थ्याला अशी शंका घेता येते की नाही, हे त्याच्या शेजारी उभा राहणारा माणूसच सांगू शकतो. म्हणून आराखड्यात आम्ही १०० पैकी ५० गुण पर्यवेक्षकांकडे ठेवले, आणि तिथेच घोडे अडले.

परीक्षकांच्या यादीच्या अर्जात ‘शिक्षक मान्यता क्रमांक’ असा रकाना आहे. पर्यवेक्षकांकडे पदविका आणि २२ वर्षांचा अनुभव होता. मान्यता क्रमांक असण्याचे कारणच नव्हते. रकाना रिकामा म्हणून अर्ज परत आला. मी ‘लागू नाही’ असे लिहिले, तर अपूर्ण म्हणून पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने संगणक माझ्याकडे वळवून दाखवले की क्रमांक भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही. मग तोडगा सुचवण्यात आला: एखाद्या शिक्षकाचे नाव घाला, गुण पर्यवेक्षकांना फोनवर विचारून त्या शिक्षकाच्या नावाने भरा. मी नकार दिला. ज्याने विद्यार्थ्याला काम करताना पाहिलेले नाही, त्याने त्या गुणांखाली सही करणे मला खोटेपणाचे वाटले, आजही वाटते.

मला सर्वाधिक खटकली ती यातली विसंगती. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगच सांगतो. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रातल्या तज्ज्ञाला अध्यापक म्हणून नेमण्याची सोय, यासाठीच्या आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवी अनिवार्य नाही. म्हणजे हाच माणूस अभ्यासक्रम ठरवू शकतो, वर्गात शिकवूही शकतो, पण ५० गुणांची पत्रिका भरू शकत नाही! हे सगळे मी टिपणीत लिहिले. टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा आला आणि चर्चेची तारीख मात्र आली नाही. दर आठवड्याला कारखान्यातून फोन यायचा की मुले कधी येणार. दिवाळीनंतर एका कारखान्याने आमच्या जागा दुसऱ्या महाविद्यालयाला देऊन टाकल्या, आणि त्यांना दोष देण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

अखेर कामी आला तो ठराव. डिसेंबरमध्ये महाविद्यालयाच्या विद्या परिषदेत (शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळात) स्वतंत्र विषय मांडून आस्थापनेच्या पर्यवेक्षकाला नावानिशी मूल्यमापनाचा अधिकार दिला गेला, आणि त्याची सही असलेली गुणपत्रिका परिशिष्ट म्हणून जोडायची असे ठरले. हे ऑगस्टमध्येच करता आले असते. म्हणून हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की आराखड्याची पहिली ओळ लिहिण्याआधी परीक्षा विभागात जा, गुण कोण आणि कुठे भरणार ते डोळ्यांनी पाहा, आणि अडचण दिसली तर टिपण्या लिहीत न बसता थेट ठरावाचा मसुदा करा.

अपघात विम्याचेही आधीच पाहावे; त्याच्या कागदाशिवाय आमच्या मुलांना फाटकातून आत सोडेनात, त्यात तीन दिवस गेले. प्रकल्प-अहवालात कारखान्याचे मूळ आकडे छापता येणार नाहीत, ते सांकेतिक रूपात द्यावे लागतील, हेही करारातच लिहून घ्यावे.

मार्चमध्ये नऊ विद्यार्थ्यांची गुणपत्रिका आली. एका मुलाचे गुण पर्यवेक्षकांनी कमी केले होते आणि शेजारी शाईने कारण लिहिले होते: ‘दुसऱ्यांदा मोजताना आधीची नोंद पाहतो.’ आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नसते. ती पत्रिका परीक्षा विभागाने त्याच दिवशी स्वीकारली, आणि अर्जातल्या त्या रकान्यावर आता ‘शिक्षक मान्यता क्रमांक किंवा विद्या परिषद ठराव क्रमांक’ असे छापलेले आहे.