पिस्तुलासाठी ओतीव गोळीचा साचा निवडताना

शिशाच्या गोळ्या घरी ओतून त्या आपल्याच काडतुसांत भरणे हा अमेरिकेत जुना आणि कायदेशीर छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे पुढचे सारे विवेचन मी ओहायोत राहून, इथल्या लक्ष्यभेदी नेमबाजीपुरतेच करत आहे.

रिव्हॉल्व्हरकडून सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाकडे वळलेला नेमबाज साचा निवडताना बहुधा लक्ष्यापासून सुरुवात करतो: गोळी किती जड असावी, कागदावर भोक कसे पडावे. माझ्या मते सुरुवात मॅगझिनपासून, म्हणजे काडतुसे भरून ठेवायच्या पेटीपासून, व्हायला हवी. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस आपण हाताने चेंबरमध्ये, म्हणजे ते जिथून उडते त्या कप्प्यात, ठेवतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते मॅगझिनमधून सुटून, चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर घासत, वर वळत स्वतः चेंबरमध्ये शिरते, आणि या प्रवासात गोळीच्या नाकाचा आकार व काडतुसाची एकूण लांबी यांतले काहीही बिघडले तर उत्तम नेम निरुपयोगी ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचे आहे. जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले तेव्हा त्याचे काडतूस गोल नाकाच्या, धातूचे वेष्टन असलेल्या २३० ग्रेन (गोळीचे वजन मोजायचे एकक) गोळीचे होते आणि उतार, मॅगझिनचे ओठ, सारे काही त्याच आकाराभोवती आखलेले होते. बुल्सआय या कागदी लक्ष्यावरच्या पिस्तूल स्पर्धेतल्या स्पर्धकांना मात्र गोल नाक गैरसोयीचे वाटे, कारण त्याने कागद फाटतो आणि रेषेवरचा गुण मोजताना वाद होतो; त्यांना खांद्याला धार असलेली, स्वच्छ गोल भोक पाडणारी सेमी-वॅडकटर हवी होती. साचे बनवणाऱ्या हेन्सली अँड गिब्ज यांच्या ६८ क्रमांकाच्या २०० ग्रेन साच्याने हा पेच सोडवला. त्या गोळीला धारदार खांदा आहे, पण नाक इतके लांब ठेवले आहे की उताराला ती जवळजवळ गोल नाकाच्या गोळीसारखीच भेटते. आखूड नाकाच्या सेमी-वॅडकटर गोळ्या याच पिस्तुलात अडकतात आणि दोष मात्र पिस्तुलाला दिला जातो.

उलटा मार्गही एकदा चोखाळला गेला. १९६१ मध्ये आलेले स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ५२ हे .३८ स्पेशल काडतुसाचे पिस्तूल पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडाशी सपाट बसवलेल्या वॅडकटरसाठीच, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीसाठीच, बांधलेले होते, आणि त्याच्या मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे मावत. गोळी आधी ठरवून तिच्यासाठी पिस्तूल घडवण्याची चैन आपल्यापैकी फार थोड्यांना परवडते.

९ मिलिमीटरच्या काडतुसाचे गणित अधिक नाजूक आहे. इथे कमाल दाब .४५ एसीपीच्या सुमारे २१,००० पीएसआयऐवजी (दर चौरस इंचावर पौंड) ३५,००० पीएसआयपर्यंत जातो, म्हणून गोळी नळीत घट्ट बसणे अत्यावश्यक ठरते. सैल बसलेल्या शिशाच्या गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि नळीत शिसे साचत जाते. वेष्टनाची गोळी .३५५ इंचांची असते, तर ओतीव गोळी .३५६ किंवा .३५७, आणि काही नळ्यांना त्याहूनही जाड लागते. शिवाय या पुंगळीची भिंत आतून बुडाकडे जाड होत जाते. लांब, १४७ ग्रेनची गोळी खोल बसवली की तिचा तळ आतच दाबला जाऊन बारीक होतो, आणि मग काळजीपूर्वक राखलेली जाडी वाया जाते. म्हणूनच मी १२० ते १२५ ग्रेनच्या, छाटलेल्या शंकूच्या आकाराच्या गोळीला पसंती देतो. तो आकार नवा नाही: विसाव्या शतकाच्या आरंभी ९ मिलिमीटरचे जर्मन काडतूस याच आकाराच्या गोळीसह आले होते आणि गोल नाक नंतर रूढ झाले.

या आकाराची एक अडचण आहे. त्याचा पूर्ण जाडीचा भाग बराच पुढे येतो, आणि ज्या नळ्यांमध्ये चेंबरपुढची मोकळी जागा आखूड असते, त्यांत तो आट्यांना, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचांना, आधीच टेकतो. बहुकोनी आट्यांच्या नळ्यांविषयी मी इतकेच म्हणेन की अशा नळ्यांची पिस्तुले बनवणाऱ्या ग्लॉकने शिशाच्या गोळ्या वापरू नयेत असा इशारा दिलेला आहे आणि तो पाळावा.

साचा विकत घेण्याआधी त्या साच्यातल्या चार गोळ्या एखाद्या परिचिताकडून मागून घ्याव्यात. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) नसलेल्या पुंगळीत त्या बसवून, पिस्तुलातून वेगळ्या काढलेल्या नळीत टाकून पाहाव्यात: काडतूस स्वतःच्या वजनाने आत जाऊन टणकन बसले पाहिजे, बोटाने गोल फिरले पाहिजे आणि नळी उलटी करताच बाहेर पडले पाहिजे. तसे झाले नाही तर गोळी किंचित खोल बसवणे हा उपाय आहे, परंतु ९ मिलिमीटरमध्ये थोड्याशा खोलीनेही दाब झपाट्याने वाढतो, म्हणून त्या लांबीसाठी दारूचे प्रमाण छापील पुस्तिकेतून नव्याने पाहावे लागते. आणि पुस्तिकेत ती लांबी नसेल तर त्या नळीसाठी दुसरा साचा शोधावा.